जुन्या वॉरगेमिंग मिनिएचरचं वय, पांढरी पूड आणि रंग उतरवण्याचा प्रश्न

प्रश्नात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: संग्रहातल्या सर्वात जुन्या मिनिएचरचं, म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळातल्या छोट्या आकृतीचं, वय कसं ठरवायचं, काहींच्या पायाशी दिसणारी पांढरी पूड म्हणजे काय, आणि जुना रंग उतरवून नव्याने रंगवावं का. आधी पुडीचं बघू. वय पुढच्या महिन्यात शोधलं तरी चालेल, पूड तोवर थांबणार नाही.

जुन्या धातूच्या आकृत्यांत बहुधा शिसं असतं, पण पांढरं दिसलं की लगेच शिशाचा गंज असा निकाल देऊ नका. दमट हवेत मारलेलं मॅट वॉर्निश पांढुरकं पडतं. सुपरग्लूची वाफ जोडाभोवती धुकट थर सोडते. न रंगवलेल्या आकृतीवर साच्यात वापरलेली टाल्क पावडर उरलेली असू शकते, आणि क्वचित ती नुसती बुरशी असते. आकृती दहापट भिंगाखाली धरा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला केलेला कापूस बेसच्या, म्हणजे पायाखालच्या आधाराच्या, खालच्या बाजूला टेकवा, दर्शनी रंगावर नाही. टाल्क आणि बुरशी पुसली जाऊन खाली गुळगुळीत धातू दिसतो. वॉर्निशचा पांढुरकेपणा ओलं असेपर्यंत गायब होतो आणि वाळल्यावर परत येतो. खऱ्या गंजात पूड निघते, पण खाली करडा, खरबरीत खड्डा राहतो, आणि रंग असेल तिथे तो आतून फुगून फुटलेला असतो. बेसची खालची बाजू, घोड्याचं पोट, भाल्याचं टोक, म्हणजे रंग पातळ किंवा मुळीच नाही अशा जागा आधी तपासा.

ही पूड म्हणजे क्षारीय लेड कार्बोनेट, रंगाऱ्यांचा जुना सफेदा. पूर्वी सफेदा मुद्दाम बनवत तेव्हा शिशाचे पत्रे, व्हिनेगरची भांडी आणि ऊब व कार्बन डायऑक्साइड देणारी लीद असं सगळं एका बंद खोलीत महिनोन्‌महिने ठेवत. लाकडी कपाटात हेच घडतं, फक्त सावकाश. लाकडातून ॲसेटिक आम्लाची वाफ निघते, ती शिशाच्या पृष्ठभागावर लेड ॲसिटेट तयार करते, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा त्याचं कार्बोनेट करतात, आणि यात आम्ल पुन्हा मोकळं होऊन पुढच्या थराला लागतं. म्हणून आम्ल अगदी थोडं असलं तरी पुरतं, आणि एकदा सुरू झालेला गंज आपणहून थांबत नाही. मिनिएचर जुनी म्हणून गंजत नाही. ती कशात ठेवली आहे, त्यावर सगळं अवलंबून असतं.

सर्वात वाईट ओक आणि चेस्टनटचं लाकूड. पाठोपाठ प्लायवूड आणि एमडीएफ, कारण त्यातल्या गोंदामधून फॉर्माल्डिहाइड निघतं आणि त्याचं फॉर्मिक आम्ल होतं. साधा पुठ्ठा, कॉर्क, कपाटाच्या काचेला लावलेलं व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन, आतून नुकताच मारलेला तेलरंग, हे सगळे त्याच माळेचे मणी. आपल्या छंदात एक खास घातक सवय आहे: लेझरने कापलेल्या एमडीएफच्या बेसवर जुनी शिशाची आकृती चिकटवायची. तिथे आम्लाचा स्रोत थेट तळपायाखाली असतो. पॉलिस्टायरीनचा पत्रा किंवा पातळ पोलादी बेस वापरा. एमडीएफच हवं असेल तर त्यावर नव्या, शिसं नसलेल्या आकृत्या उभ्या करा.

कपाट शक्यतो पावडर-कोटिंग केलेलं पोलादी आणि काचेचं असावं. पेट्या पॉलिप्रॉपिलीनच्या, आत पॉलिइथिलीनचा फोम. पॉलियुरेथेनचा मऊ फोम नको, तो काही वर्षांनी चिकट भुकटी होऊन रंगाला बसतो. पीव्हीसीचे कप्पे किंवा पाकिटंही नकोत. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवा आणि ती आकडा दाखवणाऱ्या आर्द्रतामापकावर बघा. सिलिका जेल ओलावा शोषते, आम्लाची वाफ नाही. वाफेसाठी सक्रिय कोळशाची पुडी हवी आणि ती अधूनमधून बदलावी लागते. लाकडी कपाट टाळता येत नसेल तर ते निदान हवाबंद करू नका. धूळ नको म्हणून दाराला रबरी पट्ट्या लावणारे लोक वाफ आत कोंडतात आणि मग एका कपाटातला गंज दुसऱ्यात कसा नाही याचं नवल करत बसतात.

एखादा पदार्थ सुरक्षित आहे का, याची चाचणी संग्रहालयांतही होते. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली ती मांडली. बंद काचपात्रात संशयित पदार्थाचा तुकडा, थोडं पाणी आणि शिसं, तांबं व चांदी यांच्या स्वच्छ घासलेल्या पट्ट्या ठेवून पात्र ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायचं. आपल्याला फक्त शिशाची पट्टी पुरे. सोबत पदार्थ नसलेलं, बाकी तसंच दुसरं पात्र ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? पट्टी पांढरी पडली तर तो पदार्थ कपाटात जायचा नाही.

गंज चढलेल्या आकृत्या आधी वेगळ्या करा. गंज रोगासारखा पसरत नाही, पण एकाच पेटीतल्या सगळ्यांना तीच वाफ मिळत असते, त्यामुळे पसरल्यासारखा दिसतो. ती पूड विषारी आहे. हातात नायट्राइलचे मोजे घाला, कोरडं घासू नका, फुंकर मारू नका, घरातला व्हॅक्यूम क्लीनर लावू नका आणि लहान मुलं तिथे नसतील असं बघा. बेस सुटत असेल तर काढा. साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात मऊ नायलॉनचा ब्रश बुडवून पूड ओलीच घासून काढा, खड्ड्यांतली लाकडी टूथपिकने. मग नळाच्या पाण्याखाली झटपट धुऊन घ्या. इथे डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर भिजवण्याचा मोह होतो, कारण ते शुद्ध वाटतं. प्रत्यक्षात क्षारविरहित पाणी शिशाला जास्त खातं. शेवटी अल्कोहोलने खंगाळा, कोमट हवेने पूर्ण वाळवा आणि त्याच दिवशी झाका: रंगवणार असाल तर मेटल प्रायमर, उघडी ठेवायची असेल तर मायक्रोक्रिस्टलाइन मेण. व्हिनेगर किंवा लिंबाने साफ करायचं नाही. पूड त्यात छान विरघळते आणि गंजाला नवं खाद्य मिळतं. साफ केलेली आकृती महिनाभर काळ्या कागदावर एकटी ठेवा, नवी पूड पडली तर लगेच दिसेल. घोड्याचा पाय दाबल्यावर चुरत असेल तर आत धातू उरलेलाच नाही. तिथे हात थांबवा. मोलाची वस्तू असेल तर विद्युतविश्लेषणाने गंज उलटवणं हे प्रयोगशाळेचं काम आहे.

बरेच जण या सगळ्याला कथलाचा रोग म्हणतात. ते चूक. शुद्ध कथील १३.२ अंश सेल्सिअसच्या खाली दीर्घकाळ राहिलं तर करड्या भुकटीत बदलू शकतं हे खरं, पण मिनिएचरच्या मिश्रधातूतले शिसं आणि अँटिमनी हे धातू हा बदल रोखून धरतात. जस्ताच्या मिश्रधातूचा रोग मात्र खरा आहे आणि तो जुन्या डाय-कास्ट (दाबाने साच्यात ओतलेल्या) गाड्या-तोफांत सापडतो. ओतताना जस्तात शिशाची भेसळ राहिली की धातू आतून फुगतो, तडे जातात, चाकं वाकडी होतात. त्याला उपाय नाही. थंड, कोरडं ठेवा आणि उचलाउचल कमी करा.

आता वय. "माझ्याकडची सर्वात जुनी" असं म्हणताना चार तारखा एकमेकांत मिसळतात: मूळ शिल्प कधी झालं, हा नग कधी ओतला, रंग कधी चढला आणि बेस कधी लागला. तळावर कोरलेलं वर्ष पहिल्या तारखेचं असतं. १९८५ लिहिलेली आकृती दहा वर्षांनीही त्याच शिल्पावरून ओतलेली असू शकते. दुसरी तारीख सांगायला धातू लागतो, तिसरी रंग सांगतो. चौथीला फार किंमत देऊ नका, बेस लोक सहज बदलतात.

मोठे टप्पे लक्षात ठेवले की अंदाज पटकन बांधता येतो. न्यूरेंबर्गच्या हिल्पर्ट यांनी १७७० च्या दशकात कथलाचे चपटे सैनिक बाजारात आणले आणि पुढच्या शतकात त्याच शहरातल्या हाइनरिक्सन यांच्यामुळे ३० मिमी हे चपट्या सैनिकांचं माप रूढ झालं. लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने १८९३ पासून ५४ मिमीचे पोकळ सैनिक ओतले. साच्यात शिसं ओतून बाहेरचा थर गोठताच आतलं उलटून काढायचं, त्यामुळे धातू कमी आणि भाव कमी. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये छापलेले युद्धखेळाचे नियम अशाच पोकळ सैनिकांसाठी होते, आणि तोफ स्प्रिंगची होती, साधारण इंचभर लाकडी दांडी फेकणारी. त्या काळच्या सैनिकांची मुंडकी आणि हात तुटलेले सापडतात त्यात नवल काय! ब्रिटन कंपनीचं शिशाच्या सैनिकांचं उत्पादन १९६६ मध्ये बंद झालं.

टेबलावर खेळण्यासाठीच बनवलेल्या भरीव आकृत्या मुख्यतः १९५० च्या दशकापासूनच्या. त्या बनवणारे म्हणजे अमेरिकेत कॅलिफोर्नियात जॅक स्क्रूबी, इंग्लंडमध्ये २० मिमीचे हिंटन हंट आणि लेस हिगिन्स, मग साउथॅम्प्टनचे मिनिफिग्ज आणि यॉर्कशायरमधलं हिंचलिफ यांचं २५ मिमी. एअरफिक्स कंपनीचा पहिला मऊ प्लॅस्टिकचा संच, गार्ड्स बँड, १९५९ चा. अनेकांच्या संग्रहातलं सर्वात जुनं पान याच प्लॅस्टिकचं निघतं, धातूचं नाही. जीएचक्यू कंपनीच्या १:२८५ मापाच्या चिमुकल्या रणगाड्यांचा उगम १९६७ चा. कल्पनारम्य आकृत्यांच्या कंपन्यांत राल पार्था आणि ग्रेनेडियर १९७५, सिटाडेल १९७८. सिटाडेलच्या बाबतीत पायाखालची पट्टी बघा. प्लॅस्टिक बेसच्या खाचेत बसणारी पट्टी १९८० च्या दशकाच्या मध्यावर आली. त्याआधीच्या आकृत्यांना पायाशी धातूचाच बेस ओतलेला असतो. चोचीसारख्या हेल्मेटचे ३० प्लॅस्टिक स्पेस मरीन (भविष्यातले अंतराळ-सैनिक) असलेली आरटीबी०१ पेटी १९८७ ची.

धातूवरून ओतकामाचा काळ काढायला एक तराजू पुरतो, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. १९९३ च्या सुमारास राल पार्थाने शिसंविरहित मिश्रधातू घेतला, सिटाडेलच्या आकृत्या काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपने १९९७ मध्ये. आधी आकृती कोरडी मोजा. मग तराजूवर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, आकृती बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता तराजू जो आकडा दाखवतो तेवढं, मिलिलिटरमध्ये, आकृतीचं आकारमान. समजा कोरडं वजन १४.० ग्रॅम आणि पाण्यातला आकडा १.५, तर घनता ९.३. शुद्ध शिसं ११.३, शुद्ध कथील ७.३. फक्त शिसं-कथील धरलं तर ९.३ म्हणजे साधारण ६० टक्के शिसं. निम्मं-निम्मं असेल तर ८.९ च्या आसपास. आकडा ७.३ ते ७.५ आला तर शिसं जवळपास नाही. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर केसांत आणि काखेत अडकलेले बुडबुडे घनता कमी दाखवतात. रंगाचा जाड थर आणि चिकटवलेला बेसही आकडा खाली ओढतो, म्हणून हे उघड्या धातूवरच करा, आणि पोकळ सैनिकावर करूच नका. तराजू नसेल तर बेसची कडा पांढऱ्या कागदावर ओढा: शिसं भरपूर असेल तर पेन्सिलसारखी करडी रेघ उमटते.

उघड्या तळावर कोरलेला संकेतांक कडेने प्रकाश टाकून वाचा. हिंटन हंटच्या तळावर बहुधा अक्षरं असतात, पण ती इतकी उथळ की समोरून टॉर्च मारला तर दिसत नाहीत. तळाचं अक्षर बुजलेलं असेल तर पुनर्ओतकामाचा संशय घ्या. कोणी तयार आकृतीलाच मूळ धरून साचा केला तर प्रत्येक पिढीत ती साधारण एक-दोन टक्क्यांनी आखडते. २५ मिमीच्या आकृतीत हा फरक पाव ते अर्धा मिलिमीटर, म्हणजे व्हर्नियर कॅलिपरवर स्पष्ट दिसतो, पण खात्रीची मूळ प्रत शेजारी असेल तरच. मोजायचं तळपायापासून डोळ्यांपर्यंत. टोपीपर्यंत मोजलं तर शाको (उंच, ताठ लष्करी टोपी) घातलेला आणि उघड्या डोक्याचा शिपाई यांची तुलनाच होत नाही. १९७० च्या दशकातलं "२५ मिमी" आजच्या २८ मिमीसमोर पोरसवदा दिसतं, त्यावरून माप चुकलं असं समजू नका. मापंच वर्षागणिक फुगत गेली.

रंगाचा काळ अल्कोहोल सांगतं. तळाकडच्या एका ठिपक्यावर ओला कापूस अर्धा मिनिट धरला आणि रंग कापसावर आला, तर तो बहुधा ॲक्रिलिक (पाण्यात मिसळणारा रंग), आणि छंदातले ॲक्रिलिक रंग १९८० च्या दशकात सर्रास झाले. जुना एनॅमल (तेलकट, कडक वाळणारा रंग) इतक्या वेळात हलत नाही. कागदी लेबल अतिनील प्रकाशात निळसर उजळलं तर तो कागद साधारण १९५० नंतरचा, मग विकणारा काहीही म्हणो.

प्लॅस्टिकचे जुने सैनिक वेगळ्या मार्गाने मरतात. एअरफिक्सचं पॉलिथीन हवेने आणि उन्हाने ठिसूळ होतं. संगीन आणि बंदुकीची नळी आधी तुटते, मग घोटा. असा सैनिक वाकवून सरळ करायला जाऊ नका. कोमट पाण्यात सोडून हळूच धुवा. त्यावरचा एनॅमल सोलून निघतो, कारण पॉलिथीनवर रंग धरतच नाही. उरलेला रंग वाचवायचा असेल तर पातळ केलेला पीव्हीए डिंक मऊ केसांच्या ब्रशने कडांवर सोडा. पीव्हीसीच्या आकृत्या चिकट होतात आणि शेजारच्या पॉलिस्टायरीनला विरघळवतात, त्या वेगळ्या ठेवा. एलास्टोलिन किंवा लिनेओलचे जर्मन सैनिक लाकडाचा भुसा, सरस आणि माती यांच्या लगद्यात तार घालून केलेले असतात. त्यांना पाणी लावायचंच नाही. आतली तार गंजून फुगते आणि अंग उभं चिरतं. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढणं एवढंच त्यांचं न्हाणं.

रंग उतरवायचा का? ब्रिटन कंपनीसारख्या कारखान्यात रंगवलेल्या सैनिकाचा कधीच नाही. रंग गेला की उरतो तो शिशाचा तुकडा. एकाच हाताने पन्नास वर्षांपूर्वी रंगवलेलं संपूर्ण सैन्य असेल, चकचकीत वॉर्निश आणि हिरव्या रंगाचा सपाट बेस यांसह, तरी माझं मत न उतरवण्याकडेच. तसं सैन्य पुन्हा उभं करता येत नाही, १९७० च्या दशकातली सुटी आकृती मात्र शोधली की मिळते. तीन थर एकावर एक चढून नाक-डोळे बुजलेली आकृती खुशाल उतरवा, पण आधी सहा बाजूंनी फोटो काढा.

धातूसाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये झाकणबंद काचेच्या बरणीत एक रात्र ठेवा, मग टूथब्रश चालवा. एनॅमल हट्टी असेल तर ॲसिटोन, पण ते धातूलाच. पॉलिस्टायरीनचा त्यात चिखल होतो, आणि सुपरग्लूने लावलेले हातही सुटतात. डेटॉलही जुन्या रंगावर चांगलं काम करतं, २४ तास न मिसळता. त्यात लोक फसतात ते एका ठिकाणी: बाहेर काढलेली आकृती थेट पाण्याखाली धरली की सुटलेला रंग चिकट राळ होऊन पुन्हा बसतो. आधी ताज्या डेटॉलने किंवा अल्कोहोलने धुवा, मग साबण, मग पाणी. कॉस्टिक सोड्याचे ओव्हन क्लीनर टाळा, ते शिसं आणि कथील दोन्ही कुरतडतात. जुन्या रंगातही शिसं असतं, त्यामुळे घासून निघालेला गाळ सिंकमध्ये न ओतता गाळून, वाळवून बंद डब्यात घाला.

दुरुस्तीत पोकळ सैनिकाचं तुटलेलं मुंडकं नेहमीचं. मानेत आगकाडी खुपसणं ही जुनी प्रसिद्ध युक्ती, पण काडी म्हणजे लाकूड, आणि ते बंद पोकळीत शिशाला चिकटून. त्याऐवजी ०.५ मिमीची पितळी तार आणि दोन भागांची इपॉक्सी वापरा. भरीव आकृतीचा तुटलेला भाला किंवा मनगट जोडताना हातड्रिलने ०.५ मिमीचं दोन-तीन मिमी खोल भोक पाडा. शिसं मऊ असल्याने पात्याला चिकटतं, म्हणून दर दोन-चार फेऱ्यांनी पातं बाहेर काढून पुसा, नाहीतर ते आतच तुटतं. वाकलेली तलवार साठ-सत्तर अंशांच्या गरम पाण्यात मिनिटभर धरून दोन-तीन खेपांत सरळ करा. अँटिमनी जास्त असलेला धातू एका झटक्यात मोडतो. आणि एकदा सरळ केलेली जागा पुन्हा वाकवायची नाही, तिसऱ्यांदा ती हमखास तुटते.

नोंद ठेवायची तर आकृतीवर नाही, पेटीत. आम्लरहित कागदावर पेन्सिलने कोणाकडून आली, कोरडं वजन, पाण्यातला आकडा, पायापासून डोळ्यांपर्यंतचं माप, तळावरची अक्षरं आणि काय दुरुस्ती केली ते लिहा. पाठवायची वेळ आली तर प्रत्येक आकृती आम्लरहित टिश्यूत सैलसर गुंडाळून पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात आडवी ठेवा, भाले एका दिशेला, आणि डबा हलवल्यावर आतून आवाज येणार नाही इतकाच भरा. बबल रॅप डब्याच्या बाहेर असावा. रंगाला टेकवून महिनोन्‌महिने ठेवला तर चकचकीत वॉर्निशवर त्याचे गोल ठसे कायमचे उमटतात.